चौथ्या मजल्यापर्यंतचा श्वास

“एकशे ब्याण्णव,” भुलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि स्टेथोस्कोप गळ्यात टाकून माझ्याकडे अशा बघू लागल्या, की जसा काही तो आकडा मीच मामांच्या दंडात भरून वर आणला होता. “खालचा एकशे बारा. सिस्टर, परत पाठवा.”

परत म्हणजे दुसऱ्यांदा परत. आठ दिवसांपूर्वीही हेच झालं होतं. सर्जन हात धुऊन, कोपरं वर करून उभे होते. ते काहीतरी पुटपुटले आणि पुढचा पेशंट आणायला सांगून वळले. मामा हिरव्या झग्यात स्ट्रेचरवर छताकडे बघत पडले होते. माणूस इतका शरमला होता, की मी त्यांच्या अंगावरची चादर उगाचच दोनदा सारखी केली.

मी या थिएटरची सिस्टर. तेवीस वर्षं पाचव्या मजल्यावर काढली आहेत. माझ्या पाठीमागे मला ‘तोफ’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. थिएटरमध्ये गोड बोलणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही. पण त्या दिवशी तोफेलाही ते जड गेलं. या दारातून आजवर जेवढे पेशंट शांत चेहऱ्यानं आत आले, त्यांतले निम्मे या माणसानं शांत करून आणले होते. आणि आता त्याचंच रक्त उसळत होतं आणि तोच दारातून परत जात होता.

मामा म्हणजे आमचे लिफ्टवाले मामा. हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून शिपायापर्यंत सगळे मामाच असतात, पण आमच्याकडे नुसतं ‘मामा’ म्हटलं की हेच. एकतीस वर्षं त्यांनी डावी लिफ्ट चालवली आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. त्या लिफ्टला लोखंडी सरकती जाळी होती. दिवसातून तीनचारशे वेळा ती ओढायची आणि लोटायची. त्या ओढाओढीत उजव्या जांघेत हर्निया झाला. आधी लिंबाएवढा होता, आता मुठीएवढा झाला होता. ऑपरेशन साधं, पाऊण तासाचं. धोका होता तो न करण्यात. त्या फटीत आतडं कधी अडकेल याचा नेम नसतो, आणि अडकून काळं पडलेलं आतडं मी या टेबलावर पाहिलेलं आहे. तो पेशंट मामांच्याच वयाचा होता. सकाळी पायांनी चालत आला होता आणि संध्याकाळी गेला.

मामांना खाली वॉर्डात सोडायला मी स्वतः गेले. तळमजल्यावर बाकावर मामी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. स्ट्रेचर इतक्या लवकर परत आलेलं पाहून त्या उठल्या आणि परत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, घरी आकडा बरोबर असतो, आत्ता वर नेण्याआधीसुद्धा एकशे अडतीस होता, मग वर गेलं की यांना होतं तरी काय? डॉक्टरीणबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्या बिचाऱ्या पहिल्या खेपेनंतर स्वतः खाली येऊन बघून गेल्या होत्या, दुसऱ्या खेपेला गोळीही दिली होती. पण त्यांचं म्हणणं एकच, माझं टेबल वर आहे आणि मी तिथलाच आकडा मानणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

“सिस्टर,” मामा म्हणाले, “आता एकदाच. परत पाठवलंत तर मी पट्टा बांधून घरी बसणार. माणसानं किती वेळा वर जायचं आणि तोंड पाडून खाली यायचं?”

मी त्यांच्यावर ओरडले. पट्टा बांधून हर्निया बरा होतो असं कुठल्या शहाण्यानं सांगितलं म्हणून विचारलं. पण मामा एकदा म्हणाले की म्हणाले, हे मला माहीत होतं. पुढची तारीख गुरुवारची मिळाली. माझ्या हातात तीन दिवस होते.

हेच मामा बारा वर्षांपूर्वी कसे होते ते ऐकलंत तर खरं वाटणार नाही. तेव्हा सगळं हॉस्पिटल त्यांना टरकून असायचं. जाळी अशी आपटायचे, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणी दचकायच्या. पेशंटच्या नातेवाइकांशी भांडण हा रोजचा कार्यक्रम. आणि माझ्याशी तर दोन वर्षं अबोला. मी एकदा लिफ्ट उशिरा आली म्हणून तक्रार लिहिली, त्यावर या गृहस्थानं मला दोन वर्षं पाचव्यावर सोडलं नाही. चौथ्याला थांबवायचे, जाळी उघडायचे आणि भिंतीकडे बघत उभे राहायचे. वरचा एक जिना मी चढून जायची. मीही कमी नव्हते, एकदाही ‘पाचवा’ म्हटलं नाही. त्याच सुमारास त्यांना बीपीचा त्रास निघाला. चेहरा लालबुंद, दोन वाक्यं बोलले की दम लागायचा. गोळ्या सुरू झाल्या, पण माणूस आतून तापलेलाच होता.

आणि मग व्यायामवाल्या मॅडम आल्या. फिजिओथेरपीत थोड्याच महिन्यांसाठी आल्या होत्या. चीगोंग नावाचा चिनी व्यायाम त्या शिकून आल्या होत्या आणि सकाळी साडेसात वाजता स्टाफसाठी गच्चीवर वर्ग घ्यायच्या, चाळीस दिवसांचा. नाव ऐकल्याबरोबर वॉर्डबॉय मंडळींनी त्याचं ‘गोंगाट’ करून टाकलं. गंमत अशी की त्या गच्चीवर पंधरा माणसं गुडघे किंचित सैल सोडून उभी असायची, हात सावकाश वर न्यायची, सावकाश खाली आणायची, आणि कपड्याची सळसळसुद्धा ऐकू यायची नाही. आणि जिन्यातून जाणारा जो तो म्हणायचा, वर गोंगाट चाललाय. मीही दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हात वर असताना मला उकळायला ठेवलेल्या कात्र्या आठवल्या आणि मी पळाले ती परत गेलेच नाही.

मामांना वर्गाला जाता येत नव्हतं, त्यांची ड्युटी सातला सुरू व्हायची. पण मॅडमना वर पोचवायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी एक दिवस घुश्शातच विचारलं, वर नेमकं शिकवता काय? मॅडम हसून म्हणाल्या, पाच मजल्यांत सगळं सांगून होणार नाही, रोज एक वाक्य सांगते. आणि खरंच त्यांनी रोज एक वाक्य सांगितलं. मामांचं सगळं शिक्षण तेवढंच, चाळीस फेऱ्यांची चाळीस वाक्यं. मला त्यांतली बरीच पाठ आहेत, कारण पुढे मामांनी ती मला हजार वेळा ऐकवली. गुडघे ताठ ठेवायचे नाहीत. उंच स्टुलाच्या कडेला जेमतेम टेकल्यासारखं उभं राहायचं. खांदे कानांपासून लांब. जिभेचं टोक टाळूला हलकंच लागलेलं. लक्ष बेंबीखाली चार बोटं, तिथे काही करायचं नाही, नुसतं तिथे असायचं. डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडायची नाही, हे गोळीच्या जागी नाही, गोळीच्या शेजारी आहे. पोट गच्च भरायच्या आत ताटावरून उठावं, तसा श्वास थोडा राखून सोडायचा. आणि रोज करायचं, चांगलं झालं नाही तरी रोज.

अकराव्या दिवशीचं वाक्य मॅडम सांगत होत्या, तेव्हा मामा जाळी ओढत होते. ‘वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर.’ मामांना यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. वर जाणं आणि खाली येणं हा तर त्यांचा धंदाच. त्या दिवसापासून लिफ्ट वर निघाली की मामांचा श्वास आत, लिफ्ट खाली निघाली की बाहेर.

आमची डावी लिफ्ट म्हणजे निवांत बाई. तळापासून पाचव्यापर्यंत जायला तिला पंचवीस सेकंद लागायचे. मामांचा श्वास सुरुवातीला पहिला मजला यायच्या आतच संपायचा. मॅडम चाळीस दिवसांनी बदली होऊन गेल्या, गच्चीवरचा वर्ग आठवड्याभरात बंद पडला, गोंगाट करणारे सगळे आपापल्या चहाकडे परतले. एकटे मामा तेवढे लिफ्टमध्ये उभे राहिले. वर्षभरानं श्वास दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. तिसरा गाठायला पुढे चार वर्षं लागली आणि चौथा आला नवव्या वर्षी. मला ते सकाळी सकाळी बातमी द्यायचे, आज दुसऱ्यालाच संपला, काल घरी भांडण झालं होतं. किंवा, आज चौथा लागला, झोप छान झाली. तब्येतीचा हिशोब मजल्यांत सांगणारा दुसरा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मी एकदा विचारलं, पाचवा कधी गाठणार? तर म्हणाले, “पाचवा नाही गाठायचा. तो राखून ठेवायचा. मॅडमनी सांगितलंय.”

अबोला कसा सुटला ते आता आठवतही नाही. एक दिवस लिफ्ट चौथ्याला थांबली नाही, पाचव्याला थांबली, एवढंच. जाळीचा आवाज कमी होत होत गेला. गोळी डॉक्टरांनी अर्ध्यावर आणली. मामी एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, पूर्वी हे घरात आले की भांडीसुद्धा गप्प व्हायची, आता भांडी वाजली तरी यांचं काही नसतं.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. आमच्याकडे थिएटरच्या दाराशी प्रत्येक पेशंटचं बीपी घेऊन वहीत लिहितात. ती वही माझी. काही वर्षं लिहिल्यावर मला संशय यायला लागला की यंत्र बिघडलंय. काही पेशंटचा आकडा हवा तसा वाढलेला, घाबरलेल्या माणसाचा असतो तसा, आणि काहींचा मात्र एकदम शहाण्यासारखा. मी यंत्र दोनदा तपासून घेतलं, दुरुस्तीवाल्याला नाही नाही ते बोलले. आणि मग एकदा पित्ताशयाच्या ऑपरेशनची एक बाई रडून रडून हैराण झाली म्हणून तिला आणायला मी स्वतः खाली गेले. डाव्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर शिरलं. ती हुंदके देतच होती. मामा तिच्याकडे वळून एवढंच म्हणाले, “ताई, चौथ्यापर्यंत काही बोलायचं नाही.” आणि लिफ्ट चालवायच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. लिफ्ट निघाली तसा त्यांचा श्वास सुरू झाला, शांत, लांबलचक, ऐकू येईल न येईल असा. दुसऱ्या मजल्यावर तिचा हुंदका अडखळला. तिसऱ्यावर तिची छाती मामांच्या छातीबरोबर वर येत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. खरं सांगते, माझीही येत होती. वर येऊन मी वही उघडली आणि कोण कुठल्या लिफ्टनं आलं ते आठवून आठवून बघितलं. यंत्र ठणठणीत होतं. शहाणे आकडे सगळे डाव्या लिफ्टचे होते.

मी हे कुणाला सांगितलं नाही. थिएटरच्या सिस्टरनं असं काही बोलायचं नसतं. फक्त जास्त घाबरलेला पेशंट असला की मी फोनवर म्हणायचे, डावीकडून आणा.

गेल्या वर्षी मामा रिटायर झाले आणि महिन्याभरात डावी लिफ्ट काढून तिथे नवी बसवली. चकचकीत पत्रा, आरसा, आणि आत एक बाई गोड आवाजात ‘पाचवा मजला’ म्हणते. नऊ सेकंदांत वर. उजवी आधीपासूनच तसली होती.

तर सोमवारी संध्याकाळी मी वॉर्डात मामांच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, नवीन लिफ्टमध्ये तुम्हाला नेमकं काय होतं? मामा चादरीचा काठ चाचपू लागले.

“मी मागे राहतो, सिस्टर,” ते म्हणाले. “दार पाचव्याला उघडतं तेव्हा मी अजून दुसऱ्यावर असतो.”

हे बोलणं ऐकून मला काही कळलं नाही आणि सगळं कळलं. मंगळवारी मी फिजिओथेरपीत गेले. म्हटलं, श्वासाचं काहीतरी दुसरं शिकवता येईल का ते बघावं. तिथल्या नव्या मुलीनं कपाट उपसून मॅडमचा जुना, पिवळा पडलेला कागद काढून दिला. त्यात सगळी वाक्यं ओळीनं टाइप केलेली होती. अकराव्या ओळीवर मी थबकले. तिथे लिहिलं होतं, ‘हात वर जाताना श्वास आत, हात खाली येताना बाहेर.’

हात. तो एक शब्द जाळीच्या खडखडाटात गेला होता. मी तिथेच बाकावर बसले आणि हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. गच्चीवरच्या पंधरा जणांना हात नीट ऐकू आला होता, त्यांतला एकही टिकला नाही. या माणसानं चुकीचं ऐकलं आणि ते अकरा वर्षं इमानानं केलं. आणि म्हणूनच लिफ्ट गेल्यावर त्याचा श्वास पोरका झाला होता. त्याला औषध नको होतं, सावकाश जाणारी लिफ्ट हवी होती.

आणि तशी एक होती. इमारतीच्या मागे धुतलेले कपडे वर नेण्यासाठी एक जुनी लिफ्ट अजून चालू आहे. मामांच्या लिफ्टची सख्खी बहीण, तीच जाळी, तोच दांडा, तेवढीच मंद. ती उघडते थिएटरच्या मागच्या दाराशी. फक्त तिच्यावर पाटी आहे, ‘माणसांना मनाई’; ती चालवणारा कपडेवाला तेवढा आत. ही पाटी मीच भांडून लावून घेतली होती, एका आयाबाईचं बोट जाळीत सापडलं तेव्हा. तेवीस वर्षांत मी स्वतः केलेला नियम मोडलेला नाही. बुधवारचा दिवस मी यावर विचार करण्यात घालवला, म्हणजे खरं तर ठरलेलंच होतं, फक्त स्वतःला पटवायला एक दिवस लागला.

गुरुवारी सकाळी स्ट्रेचर मी मागच्या गल्लीतून वळवलं. मामी पिशवी घेऊन मागे चालत होत्या. कपडेवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की गाठोड्यांची गाडी घेऊन वर थांब आणि तोंड बंद ठेव. लिफ्टची जाळी दिसली तसे मामा स्ट्रेचरवर उठून बसले. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“पाटी कुणी लावली ते मला माहितेय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, गप्प आडवे व्हा, दांडा मी धरते. मामा खाली उतरलेच. हा दांडा तुम्हाला जमायचा नाही, सोडला की थांबते, जास्त दाबला की हिसका देते, असं मला समजावून सांगितलं. मामींनी पुढे होऊन त्यांच्या झग्याची मागची नाडी घट्ट बांधली आणि त्या बाहेर उभ्या राहिल्या. मी स्ट्रेचर आत घेतलं. जाळी मात्र मामांना ओढू दिली नाही. मी ओढली, आणि दोन्ही हात लावूनही ती मला एका दमात मिटली नाही. ही वस्तू या माणसानं एकतीस वर्षं, दिवसाला तीनशे वेळा ओढली, आणि त्याबद्दल एकदाही मी त्याला बरं म्हटलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मामांनी दांड्यावर हात ठेवला. गुडघे सैल झाले, खांदे खाली आले. हिरवा झगा, पायात काही नाही, पोटऱ्या उघड्या, पण उभे होते ते असे की या झग्यालाच कुणी गणवेश म्हणावं. लिफ्ट निघाली. भिंतीवर रंगवलेले आकडे एकेक करून खाली सरकू लागले. पहिल्या खेपेला श्वास दुसऱ्याला संपला. पाचव्यावर कपडेवाला गाडी घेऊन तोंड वासून उभा होता. जाळी न उघडताच मामांनी लिफ्ट खाली सोडली. तळाला मामी तशाच उभ्या. परत वर. या वेळी तिसरा लागला. परत खाली.

तळाला टेकल्यावर मामा क्षणभर थांबले. माझ्या खिशात मॅडमचा कागद होता. सांगावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, मामा, त्या अकराव्या वाक्याबद्दल एक सांगायचं होतं.

“हात ना?” मामा म्हणाले. “ते मला तिसऱ्या वर्षीच कळलं. गच्चीवर वर्गाला गेलेल्या एका आयाबाईनं करून दाखवलं होतं.”

मी खिशातला कागद आणखी आत ढकलला.

“पण हात आणू कुठून, सिस्टर? एक दांड्यावर, एक जाळीवर. मग म्हटलं, हिलाच हात समजू.” त्यांनी लिफ्टच्या भिंतीवर तळवा टेकला. “रिटायर झाल्यावर हातांनी करून बघितलं. हात लबाड असतात. थकले की लवकर खाली येतात. ही कधी लवकर आली नाही.”

आणि त्यांनी दांडा वळवला. तिसऱ्या खेपेला मी मोजलं नाही. एक गेला, दोन गेला. तिसऱ्यापाशी लिफ्टनं बारीकसा हिसका दिला, श्वास हलला नाही. भिंतीवरचा चार खाली सरकला तेव्हा तो भरला, आणि उरलेला मजला मामांनी नेहमीसारखा राखून ठेवला.

वर मी जाळी ओढली. म्हटलं, चला, उतरा.

“तुम्ही आधी,” मामा म्हणाले. “लिफ्टमन आधी उतरत नाही.”

मी स्ट्रेचर घेऊन उतरले. मग ते उतरले. लिफ्टचा उंबरा मजल्याच्या बरोबरीला आहे की नाही ते वाकून बघितलं, कपडेवाल्याला सांगितलं की तिसऱ्यापाशी सांभाळ, आणि आपले आपण स्ट्रेचरवर चढून आडवे झाले. डॉक्टरीणबाई दारात उभ्याच होत्या. मागच्या दारानं का, असं त्यांनी विचारलं नाही, पण माझ्या कपड्यांना लागलेला धाग्यांचा भुगा त्यांना दिसला होता. त्यांनी मामांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवायला सुरुवात केली.

तेवढ्यात मागे कपडेवाला रिकामी केलेली गाडी घेऊन लिफ्टमध्ये शिरला, जाळी खडखडून मिटली आणि लिफ्ट खाली निघाली. तिची घरघर भिंतीतून येत होती. मामांनी डोळे मिटले. त्यांचा श्वास बाहेर निघाला होता, सावकाश, एकसारखा, त्या घरघरीच्या बरोबरीनं. पट्ट्यातली हवा उतरत होती, काटा खाली येत होता. मी काट्याकडे बघत नव्हते.

“एकशे चाळीस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खालचा अठ्ठ्याऐंशी.” त्यांनी काट्यावर एकदा टिचकी मारून पाहिली. “काय दिलंत यांना, सिस्टर?”

“गोंगाट,” मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. सर्जननी आतून विचारलं, घ्यायचं ना? मी वही उघडली आणि आकडा लिहिला. मामांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. डोळे मिटलेले, ओठ किंचित विलग, ते अजून वाट बघत होते. मग खाली, फार खाली, धप्प असा बारीक आवाज झाला.

“टेकली,” मामा म्हणाले.